चाकाखालची उटी

बाबा गेल्यावर घरी भेटायला येणारा प्रत्येक जण पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरायचा आणि मग एकच विचारायचा, "शेवटचं काय बोलले?" रोह्याच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की नंतर नंतर तो विचारला जायच्या आधीच माझी मान हलायला लागायची. "काही नाही," मी सांगायचे. शेजारच्या काकूंना तेच सांगितलं, बाबांच्या कंपनीतून आलेल्या माणसांना तेच, आणि चंदीगडहून फोन केलेल्या त्यांच्या हवाई दलातल्या जुन्या मित्रालाही तेच. त्यांना तरी सांगायला हवं होतं, त्यांना ते लगेच समजलं असतं... पण मला फोनवर नीट बोलता येत नाही आणि आई समोरच बसली होती. आता काही आठवडे झालेत. घरात येणारी माणसं कमी झाली आहेत. म्हणून आता लिहिते. बाबा शेवटी बोलले होते, पण तोंडानं नाही.

हवाई दलात होते म्हटलं की लोकांना वाटतं विमान चालवत असतील. एका नातेवाइकानं मोबाइलवर संदेश पाठवला, आकाशाचा माणूस आकाशात गेला. वाचून मला बरं वाटलं नाही. बाबा आकाशाचे नव्हतेच, ते जमिनीवरचे होते. मालवाहू विमानांची इंजिनं उघडायची, तपासायची, पुन्हा बसवायची, विमान निघताना त्याच्या नाकासमोर उभं राहून हातांनी खुणा करायच्या आणि ते गेलं की परत येईपर्यंत वाट बघायची, हे त्यांचं काम. नोकरीत असताना ते क्वचितच कुठं उडून गेले. "आम्ही पाठवणारे," ते म्हणायचे, "जाणारे वेगळे."

वडखळच्या पुढं खाडीच्या कडेला त्यांचं गाव. आजोबा मिठागरात कामाला होते, आजी डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. थोरले काका, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, तेही मिठागरातच राहिले. बाबा बारावी झाल्यावर भरतीला गेले आणि घेतले गेले. आजीला कितीतरी दिवस वाटत होतं की मुलगा विमानतळावर झाडू मारायला गेला. ते अगदीच खोटं नव्हतं, असं बाबा हसत सांगायचे. डोंगरातल्या चौक्यांना रेशन घेऊन विमानं जायची, त्यात तांदूळ, रॉकेल, कांदे आणि कधी कधी जिवंत बकऱ्या असायच्या. विमान परत आलं की नव्या पोरांचं पहिलं काम म्हणजे आतल्या लेंड्या साफ करणं. "बकऱ्यांनी विमानप्रवास केला गो, पण माझ्या आईनं नाय केला," असं ते म्हणायचे. थंडीच्या दिवसांत तिकडच्या तळावर उघडा हात पत्र्याला लागला तर कातडी चिकटायची, म्हणून पाना आधी काखेत धरून गरम करायचा, मग कामाला लागायचं. ही सवय त्यांना इतकी लागली होती की रोह्याच्या उकाड्यातसुद्धा नळ दुरुस्त करायला बसले की पाना काखेत जायचा. आई म्हणायची, "ताप बघताय का त्याचा?"

त्यांचे कान त्याच कामात गेले. इंजिनासमोर उभं राहताना दोन्ही कानांवर जाड कप लावायचे असतात. पण इंजिनाचं काही बिघडत असेल तर ते आधी आवाजात कळतं, म्हणून बाबा आणि त्यांच्या बरोबरचे सगळे डाव्या कानावरचा कप थोडा उचलून धरायचे. असं करू नये हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे करायचे. आधी डावा कान गेला, मग उजवाही हळूहळू. नोकरी संपवून ते रोह्याला आले आणि धाटावच्या एका कंपनीत देखभालीच्या कामावर लागले तेव्हा मी शाळेत होते, दादा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला होता. कानातलं यंत्र त्यांनी घेतलं होतं. ते घातलं की भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो आणि माणसांचा येतच नाही, अशी तक्रार करत त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

आणि त्यांची मुलगी अशी की तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोहोचायचा नाही. माझ्या इंग्रजी शाळेत सगळ्या मिस मला "लाउडर, प्लीज" म्हणायच्या, आणि ते ऐकलं की माझा आवाज आणखी बारीक व्हायचा. घरी आले की बाबा विचारायचे, आज काय झालं. मी सांगायचे. ते कानामागं हात धरायचे. मी पुन्हा सांगायचे. तिसऱ्यांदा सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, कारण इतकं काही घडलेलंच नसायचं की ते तीनदा सांगावं. एकदा असं झाल्यावर त्यांनी मला ओट्यावर उभं केलं, स्वतः अंगणात गेले आणि म्हणाले, "चार पंख्यांचं इंजिन चालू असेल ना मनू, तर तू काय आणि तो एअर मार्शल काय, दोघांचा आवाज सारखाच. तिथं कुणी ओरडत नाय. हातानं बोलायचं." मग त्यांनी मला खुणा शिकवल्या.

हात सरळ पुढं, तळवा समोर म्हणजे थांब. तळहात जमिनीकडं करून खालीवर हलवले की हळू. अंगठा वर म्हणजे सगळं ठीक. गळ्यासमोरून आडवा हात फिरवला की इंजिन बंद. त्यांची आवडती खूण होती चॉकची. चॉक म्हणजे चाकाखाली घालायची उटी. एसटी स्टँडवर उभ्या गाडीच्या चाकाखाली लाकडाचा तुकडा सरकवतात, तीच. दोन्ही मुठी पोटासमोर, अंगठे आत वळवून जवळ आणले की उटी लाव. अंगठे बाहेर करून मुठी लांब नेल्या की उटी काढ. या खुणेचा एक नियम होता आणि तो ते फार गंभीरपणे सांगायचे. निघायचं असलं की आतला वैमानिक खूण करून विचारतो, पण उटी काढतो तो खालचा माणूस. काढून ती वर धरायची, वैमानिकाला दिसेल अशी, आणि मग अंगठा द्यायचा. तोवर आत कितीही मोठा अधिकारी बसलेला असो, विमान जागचं हलत नाही.

आमच्या घरात या खुणेचा अर्थ झाला, "चला, मला इथून सोडवा." लग्नात पुरुषांच्या खुर्च्यांमध्ये बाबा बसलेले असायचे, आजूबाजूला सगळे बोलत असायचे आणि त्यांना काही ऐकू येत नसायचं. थोड्या वेळानं ते मला शोधायचे आणि मांडीवर दोन मुठी ठेवून अंगठे हळूच बाहेर न्यायचे. मग मी आईला सांगायचे, निघू या. आईनं या खुणा कधी शिकून घेतल्या नाहीत. "मी काय विमान आहे?" म्हणायची. दादा सुट्टीला यायचा, हसायचा, जायचा. त्यामुळं ही भाषा आमच्या दोघांचीच राहिली.

या भाषेमुळं मी एकदा शाळेत अडचणीत आले. मागच्या बाकावरचा मुलगा सारखा डेस्क वाजवत होता. मी मागं वळले आणि गळ्यासमोरून हात फिरवला. माझ्या मनात एवढंच होतं की बंद कर. मिसनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावून सांगितलं की तुमची मुलगी वर्गात गळा कापायची धमकी देते. बाबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काय झालं म्हणून. मी भीत भीत मिससमोरच पुन्हा ती खूण केली. बाबांचा चेहरा एकदम उजळला. "मॅडम," ते सबंध स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शी ओन्ली टोल्ड हिम टु स्विच ऑफ द इंजिन." मिसना काही कळलं नाही, पण बाबांच्या मिशा बघून त्यांनी विषय तिथंच संपवला. घरी येताना बाबा रस्ताभर हसत होते. मी खाली मान घालून चालत होते, तरी मला आतून फार बरं वाटत होतं.

पुढं मी पेणला नोकरीला लागले. गणपतींच्या एका कारखान्याचं छोटं ऑफिस आहे, मूर्ती परदेशात जातात, त्यांची इंग्रजी ईमेलं मी लिहिते. तोंडानं फार बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडतं. एकदा बाबा गावाहून परत येताना मला बघायला तिथं आले. रंगकामाच्या शेडमध्ये ओळीनं मूर्ती ठेवलेल्या होत्या, सगळ्यांचे उजवे हात वर, तळवे समोर. बाबा दारातच थांबले. "मनू, आत येऊ ना? हे सगळे मला थांब म्हणतायत." रंगारी हातातला ब्रश खाली ठेवून हसायला लागला. "काका, तो आशीर्वाद हाय."

"आमच्याकडं याला थांब म्हणतात."

"मग दुसऱ्या हातात मोदक हाय, त्याला काय म्हनतात तुमच्याकडं?"

हे बाबांना ओठांवरून कळलं. "त्याला रेशन म्हणतात," ते म्हणाले.

त्या दिवशी ते बराच वेळ शेडमध्ये बसून राहिले. निघताना जिना नव्हता, चढ नव्हता, तरी फाटकापर्यंत जाताना दोनदा उभे राहिले. मला वाटलं मूर्ती बघतायत.

ते मूर्ती बघत नव्हते, त्यांना श्वास पुरत नव्हता. पुढं कोरडा खोकला सुरू झाला, मग तपासण्या, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, ते थांबवता येतं थोडंफार, उलट फिरवता येत नाही. कुंडलिका नदीच्या काठी रोज फिरायला जाणारे बाबा आधी कोपऱ्यापर्यंत जायला लागले, मग ओट्यापर्यंत, मग पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते मशीन दिवसभर घरघरत असायचं. बाबांना त्याचा आवाज येत नव्हता, पण ते त्याच्यावर हात ठेवून बसायचे. "चांगलं चाललंय," म्हणायचे. एका दुपारी ते पुरेना, आणि आम्ही त्यांना पनवेलच्या एका हॉस्पिटलात नेलं.

तिथं त्यांच्या तोंडावर घट्ट मास्क बसवला. त्यातून बोलता येत नाही, आणि बाहेरचं बोलणं तर त्यांना ऐकूच येत नव्हतं. अतिदक्षता विभागात भेटायची वेळ थोडी, एका वेळी एकच माणूस. पहिल्या दिवशी दादा गेला, दुसऱ्या दिवशी आई गेली आणि पदरानं तोंड झाकून बाहेर आली. तिसऱ्या दिवशी मी गेले. बाबांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधलेले होते.

मी तिथल्या नर्सला विचारलं, हात का बांधले. ती चांगली होती, थकलेली होती. म्हणाली, "सारखे हात हलवतात ताई. मास्क निघाला तर त्यांनाच त्रास."

"कसे हलवतात?"

तिनं हातातला इंजेक्शनचा ट्रे खाली ठेवला आणि करून दाखवलं. दोन मुठी समोर, अंगठे बाहेर, हात लांब. "असे. काल सकाळपासून हेच करतायत."

 काल सकाळपासून बाबा सांगत होते की मला इथून सोडवा. ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याचं तोंड बंद आहे अशा माणसाचे हात आम्ही बांधून ठेवले होते... कुणाचा त्यात वाईट हेतू नव्हता. पण बांधले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पट्ट्यांच्या आत त्यांचे दोन्ही अंगठे बाहेर वळले.

मी बाहेर आले तेव्हा पॅसेजमध्ये डॉक्टर दादाशी बोलत होते. "मास्कनं भागत नाही, घशात नळी घालून मोठ्या मशीनवर घ्यावं लागेल, त्यातून ते परत येतील असं मी सांगू शकत नाही, पण काय ते आज ठरवा." दादा म्हणाला, "डॉक्टर, जे जे शक्य आहे ते सगळं करा." मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हणाले असते. आई बाकावर बसून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मी म्हटलं, "त्यांचे हात सोडा." कुणालाच ऐकू गेलं नाही. मला हॉटेलात चुकीचा पदार्थ आला तरी परत पाठवता येत नाही, मी तो खाऊन घेते. पण त्या वेळी मला एवढंच कळत होतं की मी गप्प राहिले तर बाबांच्या घशात ती नळी जाईल आणि मग हातांची ताकदही जाईल. मी डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिले. घाबरले की माझ्या तोंडून इंग्रजी येतं. "प्लीज अनटाय हिज हँड्स," मी म्हणाले. "ही इज टॉकिंग."

दादा म्हणाला, "मनू, काय बोलतेस? ते शुद्धीत तरी आहेत का?"

"आहेत. घरी जायचं म्हणतायत."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनी."

डॉक्टरांनी माझ्याकडं नीट पाहिलं, आणि म्हणाले, "चला, मला दाखवा."

डॉक्टर, दादा आणि मी आत गेलो. नर्सनं पट्ट्या सोडल्या. बाबांनी मनगटं चोळली, आणि वाट बघत राहिले. मी पलंगाच्या पायाशी जाऊन उभी राहिले, ते विमानाच्या नाकासमोर उभे राहायचे तशी. दोन्ही बाजूंच्या पलंगांवरची माणसं, त्यांच्याजवळचे नातेवाईक, सगळे माझ्याकडं बघत होते. आयुष्यात मी कधी इतक्या लोकांसमोर काही केलेलं नाही. शेजारच्या पेशंटला ते मोठं मशीन लावलेलं होतं. मी त्याच्याकडं बोट दाखवलं, मग बाबांकडं, आणि अंगठे आत वळवून मुठी जवळ आणल्या. ते मशीन तुम्हाला लावायचं का? बाबांनी त्या माणसाकडं बराच वेळ पाहिलं. मग हात गळ्यासमोरून आडवा नेला. डॉक्टर एक पाऊल पुढं आले. "बंद," मी सांगितलं. "नको म्हणतायत." मग बाबांनी न विचारताच मुठी समोर धरल्या आणि अंगठे बाहेर करून हात लांब नेले. एकदा माझ्याकडं बघून, एकदा डॉक्टरांकडं बघून. मी फक्त ओठ हलवले, "रोहा?" तो शब्द ओठांवर स्पष्ट दिसतो. बाबांचा अंगठा वर आला.

डॉक्टर दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यापेक्षा स्पष्ट कुणी सांगत नाही हो."

दादा रडत होता. "मला यातलं काहीच येत नाही," तो म्हणाला. "मनू, विचार ना त्यांना, माझ्यावर रागावलेत का." मी हात वर केले आणि तशीच राहिले. रागासाठी खूण नाही. विमानाला तिची गरज पडत नसावी. पण बाबांनी दादाच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं, कारण त्यांनी त्याचा हात ओढून घेतला, त्याची चार बोटं एकेक करून मिटली आणि त्याचा अंगठा वर उभा करून दिला.

आम्ही त्यांना रोह्याला आणलं. पुढच्या खोलीत खिडकीशेजारी पलंग लावला, साधा मास्क, साधं मशीन, आणि श्वासाची तगमग कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी दिलेली औषधं. दुसऱ्या दिवशी आप्पा आले. एवढे थकलेले आप्पा, काठी टेकत टेकत आले आणि पलंगाशी बसले. बाबांनी त्यांना बघून हातानं काहीतरी केलं, मला न कळणारं. पंजा उताणा, मग बोटं एकदम उघडायची. आप्पांनी लगेच उलट खूण केली. दोघं असं बराच वेळ करत राहिले. मी बघतच राहिले.

"आप्पा, हे काय?"

"पानी सोड म्हनतो," आप्पा म्हणाले. "मिठागरान वाऱ्यावर कोनाचा आवाज पोचतो गो? या बांधावरशी त्या बांधावर आमी हातानंच बोलायचो. पानी सोड, बांध फुटला, जेवाला ये, सगला हातानं. तुमाला वाटतं याला सरकारनं शिकवला. सरकारनं नाय, मी शिकवला."

कितीतरी दिवसांनी आई हसली. "आणि मला वाटायचं विमानाचं काहीतरी आहे." आप्पांनी तिच्याकडं बघून मान हलवली, आणि बाबांना काय चाललंय ते कळत नसूनही तेही मास्कच्या आत हसले.

त्यानंतर एका सकाळी बाबांनी पुन्हा उटी काढायची खूण केली. मला वाटलं त्यांना ओट्यावर जायचंय. मी विचारलं, कुठं? त्यांनी उत्तर दिलं नाही. पुन्हा तेच, मुठी समोर, अंगठे बाहेर. आणि मग हात खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले, वाट बघत. तेव्हा मला समजलं की या वेळी ते कुठून सोडवायला सांगत नव्हते. आतल्या वैमानिकासारखं, नियमाप्रमाणे विचारत होते. मी तळवा समोर धरला. थांबा. बाबांनी मान हलवली, आणि थांबले. तो सगळा दिवस थांबले. दादानं त्यांची दाढी केली. त्याला जमत नव्हती, मिशीची एक बाजू कमी झाली. आईनं भाताची पेज चमच्यानं भरवली, दोन घोट गेले. संध्याकाळी खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं, तेवढ्यापुरते पाय गरम झाले. मी सगळा वेळ त्यांच्या हातांकडं बघत होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. आता मुठी उचलल्या जात नव्हत्या, चादरीवरच अंगठे जरासे बाहेर वळले. दुसऱ्या कुणाला तर ते दिसलंही नसतं. मी आईला आणि दादाला हाक मारली. आई उशाशी बसली, दादानं त्यांचे पाय धरले. मी पलंगाच्या पायाशी गेले, खाली वाकले आणि पलंगाच्या पुढच्या पायाखालून उटी ओढल्यासारखी ओढली. दुसरीही ओढली. उभी राहिले. दोन्ही रिकामे हात वर धरून त्यांना दाखवले, आणि ते बघतायत याची खात्री झाल्यावर अंगठा दिला. हात खाली घेतला नाही. त्यांनी पाहिलं. मग त्यांचे अंगठे मिटले, आणि हात सैल झाले... दुपारच्या आत ते गेले.

तर शेवटचं काय बोलले? उटी काढ म्हणाले. मी काढली. हे पाण्याचा ग्लास हातात धरलेल्या माणसाला कसं सांगायचं मला कळत नव्हतं. आणि सांगितल्यावर तो म्हणेल की किती शांतपणे गेले, भाग्यवान होते. तसं नव्हतं. मला त्यांना पाठवायचं नव्हतं. आजही नाही. माझं निम्मं बोलणं माझ्या हातांत होतं, आणि ते वाचणारं माणूस आता या घरात नाही. पेणहून परतताना एसटीच्या खिडकीतून काही दिसलं, घरी जाऊन सांगावंसं वाटलं, तर माझे हात मांडीवर आपोआप हलायला लागतात. शेजारची बाई वळून बघते. मग मी ते पर्सखाली घेते.

घरी आता आई आणि मी. दादा पुण्याला परत गेला. घर इतकं लहान आहे की स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी पुढच्या खोलीत ऐकू येतं. पण आई अजून मोठ्यानं बोलते. इतकी वर्षं ती बाबांसाठी तसंच बोलत आली, आणि तिला ते कळलेलं नाही. काल संध्याकाळी मी घरी येऊन खिडकीशी बसले होते, आणि तिनं आतून हाक मारली, "चहा झालाय, या." या म्हणाली ती. मला ती नेहमी ये म्हणते. हाक गल्लीत ऐकू गेली असेल. मग आत सगळं शांत झालं. कपाचाही आवाज येईना. ती तिथं गॅसपाशी हातात गाळणं धरून उभी असणार, हे मला इथून दिसत होतं.

"आले," मी म्हणाले, तेवढ्याच मोठ्यानं.